सिंथ घ्यावा की सॉफ्टवेअर? घरातल्या इलेक्ट्रॉनिक संगीताची जुळवाजुळव

नाशिक : द्राक्षे आणि कुंभमेळा यांच्या जोडीने नाशिकचे नाव देशभर पोहोचवणारी तिसरी गोष्ट म्हणजे ढोल. केरळमधील उत्सवांत आणि लग्नांतही 'नाशिक ढोल' याच नावाने पथके वाजतात. संगणकावर संगीत जुळवणाऱ्यांच्या जगात तर 'नाशिक ढोल' हे तयार तालतुकड्यांच्या फायलींचे नाव होऊन बसले आहे. हे तुकडे, म्हणजेच लूप, महाजालावरून उतरवून घ्यायचे, त्यावर एखादा घुमारेदार खर्ज चढवायचा आणि गाणे तयार करायचे, हा उद्योग आज सिडकोतल्या एका खोलीतही करता येतो. त्यासाठी स्टुडिओ लागत नाही. लागतो तो एक बरा संगणक, हेडफोन आणि थोडा विवेक. यातील तिसरी गोष्ट दुकानात मिळत नसल्याने पहिल्या दोहोंवर गरजेपेक्षा अधिक खर्च होतो.

चूक बहुधा पहिल्याच खरेदीत होते. मुलाला इलेक्ट्रॉनिक संगीताची आवड आहे असे लक्षात आले की घरात 'कॅसिओ' येतो. कॅसिओ हे वास्तविक एका जपानी कंपनीचे नाव. पण आपल्याकडे ज्याला काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आणि बटणे असतात ते सारे कॅसिओच. दुकानदार सहाशे आवाज आणि दोनशे ताल असल्याचे सांगतो, वडिलांना आकडा मोठा वाटतो आणि व्यवहार ठरतो. हे वाद्य वाईट नव्हे. ऑर्केस्ट्रात, बेंजो पार्टीत, भजनी मंडळात त्याचा उत्तम उपयोग होतो. मात्र ते तयार आवाजांचे कपाट आहे. त्यातून आवाज काढता येतो, घडवता येत नाही. सिंथेसायझर, किंवा या क्षेत्रातील मंडळींच्या तोंडचा 'सिंथ', हा नेमका त्याच्या उलट असतो. त्यात सुरुवातीला जवळपास काहीच नसते, पण जे असते ते हाताने वळवता येते.

सिंथचे काम समजायला अवघड नाही. ऑसिलेटर नावाचा भाग एक कच्चा, कर्कश ध्वनी सतत निर्माण करतो. फिल्टर हा भाग चाळणीसारखा त्यातील वरच्या कंपनसंख्या गाळतो आणि आवाज मऊ होतो. तिसरा भाग, ज्याला एन्व्हलप म्हणतात, आवाज कसा उठेल, किती टिकेल आणि कसा विरेल हे ठरवतो. तबल्याची थाप चटकन उठते आणि विरते, बासरीचा स्वर हळू उमलतो. हा फरक एन्व्हलपचा. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ साली ही रचना विद्युतदाबाने नियंत्रित होणाऱ्या यंत्रात बसवली आणि १९७० च्या 'मिनीमूग'ने ती टेबलावर मावेल एवढी केली. आजच्या स्वस्त सिंथपासून फुकट सॉफ्टवेअरपर्यंत बहुतेकांचा सांगाडा तोच आहे. म्हणून एका सिंथवर हात बसला की दुसरा परका वाटत नाही.

मुंबईतील एक जुना धडा

निवड कशी करावी याचे आपल्याकडील सर्वांत बोलके उदाहरण मुंबईचे आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत गिटार आणि बेस वाजवणारे कसलेले वादक. त्यांनी सिंगापूरहून रोलँड कंपनीची तीन यंत्रे आणली : ज्युपिटर-८ हा सिंथ, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे खर्जाचे छोटे यंत्र. या तिघांच्या आधारे त्यांनी १९८२ साली 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही ध्वनिमुद्रिका केली. भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग त्यात डिस्कोच्या ठेक्यावर आहेत. ती बाजारात चालली नाही आणि विस्मरणात गेली.

पुढची गोष्ट मोठी गमतीची आहे. टीबी-३०३ हे यंत्र कंपनीने घडवले होते ते एकट्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी म्हणून. ते काम त्याला नीट जमेना आणि १९८४ मध्ये उत्पादन बंद झाले. जुन्या बाजारात कवडीमोलाने मिळणारे हे यंत्र शिकागोतील काही तरुणांच्या हाती लागले आणि त्यातून १९८७ च्या सुमारास 'ॲसिड हाउस' नावाचा संगीतप्रकार जगभर गाजला. सिंग यांची ध्वनिमुद्रिका २०१० मध्ये पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा परदेशी रसिक चकित झाले. शिकागोच्या पाच वर्षे आधी मुंबईत जवळपास तसाच ध्वनी उमटला होता. उतारवयात सिंग यांना परदेशांतून मैफलींची निमंत्रणे आली. २०१५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. आपल्या कानाला ती मींडेच्या जवळची वाटते. राग वाजवू पाहणाऱ्या माणसाने हे यंत्र वापरले यात म्हणूनच आश्चर्य नाही. आवाजांची संख्या मोजायची म्हटली तर त्या यंत्राइतके दरिद्री वाद्य दुसरे नसेल.

पेटीला विचारलेले प्रश्न

मराठी घरातील संगणकावर तयार होणारे संगीत लावणी असो, भावगीत असो वा निव्वळ नृत्याचा ठेका. कानावर संस्कार असतात ते मींड आणि श्रुती यांचेच. याच दोन मुद्द्यांवर एकेकाळी हार्मोनियमला ऑल इंडिया रेडिओने दार बंद केले होते. १९४० साली आलेली ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. पेटीचे स्वर ठरलेले, दोन पट्ट्यांच्या मधली जागा तिला गाता येत नाही आणि तिच्या पट्ट्या पाश्चात्त्य समविभागी सप्तकात लावलेल्या, हे त्या वेळचे आक्षेप. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंतांनी त्याच पेटीला महाराष्ट्रात मानाचे स्थान मिळवून दिले, हेही तितकेच खरे. पण आक्षेप चुकीचे नव्हते. सिंथ घेताना तेच दोन प्रश्न विचारावेत.

पहिला मींडेचा. वाद्यावर ग्लाइड किंवा पोर्टामेंटो असे लिहिलेला नॉब आहे का, आणि डावीकडे स्वर वाकवणारे पिच बेंडचे चाक आहे का, ते पाहावे. हे चाक मुळात दोन अर्धस्वरांपर्यंतच वाकते. बहुतेक यंत्रांत ही मर्यादा वाढवून पूर्ण सप्तकाची करता येते. ए. आर. रहमान यांनी 'दिल्ली-६' मधील 'रेहना तू'साठी पट्ट्याच नसलेले, सपाट पृष्ठभागाचे कन्टिन्यूम हे वाद्य वापरले ते या घसरणीसाठीच. ते वाद्य सामान्य खिशाचे नाही. पिच बेंडच्या चाकावर महिनाभर डावा हात घासला, तर मात्र त्यातील बराचसा आनंद मिळतो.

दुसरा प्रश्न श्रुतीचा. षड्ज २४० कंपनांचा धरला, तर तंबोऱ्यातून उमटणारा स्वयंभू गंधार ३०० च्या प्रमाणात असतो. सिंथचा गंधार मात्र ३०२.४ वर वाजतो. दोन्ही एकत्र लावले तर सेकंदाला दोन-अडीच हेलकावे ऐकू येतात आणि काहीतरी खटकते आहे एवढे कोणालाही कळते. पंचमाचा फरक अगदीच नगण्य, ३६० आणि ३५९.६ एवढाच, म्हणून पंचमावर कुणाची तक्रार नसते. तंबोऱ्यावर इलेक्ट्रॉनिक सूर चढवून यमन करायचा असेल, तर प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे लावू देणारा सिंथ हवा. गंमत अशी, की महागड्या यंत्रांपैकी कित्येकांत ही सोय नसते आणि 'सर्ज एक्सटी' या संपूर्ण फुकट सॉफ्टवेअर-सिंथमध्ये ती आहे.

आधी संगणक

त्यामुळे प्रारंभ संगणकावर करावा, असेच आमचे मत आहे. घरात असलेल्या संगणकात आठ जीबी स्मृती असेल तर शिकण्यापुरते काम होते. सोळा असेल तर उत्तम. त्यावर ध्वनिमुद्रण, संपादन आणि मिश्रण करणारे एक मुख्य सॉफ्टवेअर हवे. आपल्याकडील तरुणांत एफएल स्टुडिओ सर्वाधिक बोलले जाते. १९९७ साली 'फ्रुटीलूप्स' या नावाने बेल्जियममधून आलेले हे सॉफ्टवेअर तालाचे चौकोन भरत जाण्याच्या सोप्या पद्धतीमुळे रुजले. एकदा विकत घेतले की पुढील आवृत्त्या विनामूल्य मिळतात, ही त्याची जमेची बाजू. तथापि सर्वांत स्वस्त आवृत्तीत गायनाच्या मुद्रणाचे तुकडे मुख्य पटावर पूर्वी मांडता येत नसत आणि फुकटच्या चाचणी आवृत्तीत जतन केलेले काम पुन्हा उघडत नाही. गायक असलेल्याने हे आधी तपासावे. तुकडे उलटसुलट फिरवत मंचावर सादर करायचे असतील तर २००१ पासूनचे एबलटन लाइव्ह त्यासाठीच बनले आहे. केवळ गाणे मुद्रित करून मिश्रण करायचे असेल तर रीपर पुरे. त्याची साठ दिवसांची चाचणी पूर्ण क्षमतेची असते आणि घरगुती परवाना साठ डॉलरचा आहे. ज्याला एक रुपयाही खर्च करायचा नाही त्याने एलएमएमएस घ्यावे. ॲपलचा संगणक असेल तर गॅरेजबँड त्याच्यासोबतच मिळते.

या मुख्य सॉफ्टवेअरच्या आत बसणारी वाद्ये म्हणजे प्लगइन. सर्ज एक्सटीचा उल्लेख वर आलाच आहे. 'व्हायटल'ची मूळ आवृत्ती फुकट असून ध्वनीचा आकार पडद्यावर हलताना दिसत असल्याने शिकाऊ माणसाला ती फार उपयोगी पडते. यामाहाच्या डीएक्स-७ या १९८३ च्या सिंथने ऐंशीच्या दशकातील चित्रपटसंगीत व्यापले होते. त्याची तंतोतंत नक्कल करणारा 'डेक्स्ड' हाही फुकट आहे. इतके असताना चोरीच्या, म्हणजे 'क्रॅक' केलेल्या सॉफ्टवेअरचा मोह का व्हावा हे कळत नाही. त्यातून येणारे विषाणू वर्षभराचे काम एका दिवसात पुसून टाकू शकतात.

पट्ट्या दाबण्यासाठी यूएसबीने जोडायचा मिडी कळफलक घ्यावा. पंचवीस पट्ट्यांचे छोटे कळफलक दहा हजार रुपयांच्या आसपास मिळतात. पेटी येणाऱ्याने मात्र एकोणपन्नास पट्ट्यांच्या खाली जाऊ नये, हात आखडतो. या कळफलकातून आवाज येत नाही, हे ऐकून अनेक पालक दुकानातच बिथरतात. त्यांच्यासाठी नाशिकचाच दाखला देता येईल. उत्तरायुष्यात पंचवटीत आश्रम स्थापून राहिलेले पं. विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी स्वरलेखनाची पद्धत तयार केली. कागदावरची चिन्हे स्वतः गात नाहीत. कोणता स्वर, केव्हा, किती मात्रा हे सांगतात आणि गाणारा गातो. १९८३ साली ठरलेली मिडी ही यंत्रांची स्वरलिपी आहे. कोणती पट्टी, किती जोराने आणि किती वेळ, एवढेच ती कळवते. वाजवणारा असतो संगणकातील सिंथ. म्हणूनच एकदा वाजवलेली चाल नंतर सतारीच्या, सनईच्या वा सिंथच्या आवाजात ऐकता येते.

नवख्याला सर्वाधिक छळणारी अडचण याच टप्प्यावर येते. पट्टी दाबली की आवाज क्षणभर उशिरा येतो. तालात वाजवणे अशक्य होते आणि बिचारा वाजवणारा स्वतःच्या हाताला दोष देतो. दोष असतो संगणकाच्या साठवणुकीचा. संगणक सेकंदाला ४४,१०० नमुने हाताळतो आणि ते थोडे थोडे साठवून बाहेर सोडतो. एका वेळी १,०२४ नमुने साठवले तर सुमारे २३ मिलिसेकंदांचा उशीर होतो. ध्वनीच्या वेगाने हिशेब केला तर आपलाच तबला आठ मीटर दूर ठेवून वाजवल्यासारखे ते झाले. हाच आकडा १२८ वर आणला की उशीर ३ मिलिसेकंदांपेक्षा कमी, म्हणजे तबला जेमतेम एक मीटरवर. हा आकडा सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'बफर' या नावाने असतो. विंडोजवर मात्र तो खाली आणण्यासाठी आसिओ नावाचा ड्रायव्हर लागतो. तो 'आसिओ फॉर ऑल' या रूपात फुकट मिळतो. गायन मुद्रित करायचे असेल तर ऑडिओ इंटरफेस घ्यावा, त्याच्यासोबत स्वतःचा ड्रायव्हर येतो. पहिला मोठा खर्च सिंथवर न करता इंटरफेस, एक साधा डायनॅमिक माइक आणि बंद कपांचे हेडफोन यांवर करावा, हे यासाठीच.

बोलका सिंथ

व्होकोडरविषयी आकर्षण फार आणि माहिती थोडी, अशी स्थिती आहे. रोबोट बोलावा तसा आवाज ज्यातून येतो ते हे यंत्र मुळात संगीतासाठी नव्हतेच. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत होमर डडली यांनी टेलिफोनच्या तारेवरून आवाज कमी जागेत पाठवता यावा म्हणून त्याचा शोध लावला आणि दुसऱ्या महायुद्धात लंडन-वॉशिंग्टनमधील गुप्त संभाषणांसाठी ते तंत्र वापरले गेले. संगीतात ते रुळले सत्तरच्या दशकात. क्राफ्टवेर्क या जर्मन चमूच्या 'ऑटोबान'ने १९७४ साली ते घरोघरी पोहोचवले.

त्याचे काम असे. गायकाचा आवाज कंपनसंख्येनुसार अनेक पट्ट्यांत विभागला जातो आणि प्रत्येक पट्टीत क्षणोक्षणी किती जोर आहे तो मोजला जातो. मग सिंथचा आवाज त्याच पट्ट्यांत कापून प्रत्येक पट्टीला तेवढाच जोर दिला जातो. परिणामी स्वर सिंथचा, उच्चार माणसाचा. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी : चाल गळ्याने ठरत नाही, पट्ट्यांवर ठेवलेल्या बोटांनी ठरते. बेसूर गायकाला सुरात आणणारे ऑटोट्यून हे १९९७ चे सॉफ्टवेअर अगदी वेगळे. शेर या गायिकेच्या १९९८ च्या 'बिलिव्ह' या गाण्यातील आवाज व्होकोडरचा असल्याचे त्या वेळी निर्मात्यांनीच सांगितले होते, प्रत्यक्षात ते ऑटोट्यून होते. तेव्हापासून चालू असलेला हा घोळ खरेदीला जाण्यापूर्वी मनातून काढावा.

मराठीसाठी व्होकोडर पारखताना पट्ट्यांची संख्या आणि ऊष्म वर्णांची हाताळणी पाहावी. स, श, च, छ यांचा जीव वरच्या कंपनसंख्यांत असतो आणि सिंथचा मऊ आवाज तेथे काहीच पुरवत नाही. चांगला व्होकोडर अशा वर्णांसाठी वेगळी सरसर मिसळतो किंवा मूळ आवाजाचा वरचा भाग तसाच पुढे सोडतो. 'काळ्या शिळेवर साचलेले स्वच्छ जळ' असे एखादे वाक्य म्हणून पाहावे. ळ चा ल आणि च चा त ऐकू आला तर तो व्होकोडर इंग्रजी घोषवाक्यांपुरता आहे असे समजावे. सिंथचा ध्वनी मुद्दाम कर्कश ठेवला, माइक तोंडाजवळ धरला आणि शब्द थोडे ठासून म्हटले की निकाल पुष्कळ सुधारतो.

हा प्रयोगही फुकट करता येतो. रीपरमध्ये 'रीव्होकोड' सोबतच येतो, टाल कंपनीचा ११ पट्ट्यांचा व्होकोडर विनामूल्य आहे आणि एफएल स्टुडिओच्या वरच्या आवृत्त्यांत 'व्होकोडेक्स' मिळतो. यंत्रच हवे असेल तर कॉर्गचा २००२ साली आलेला मायक्रोकॉर्ग हा सर्वांत परिचित; ३७ छोट्या पट्ट्या, सहा पेन्सिल सेलवर चालणारा, पण व्होकोडर आठच पट्ट्यांचा. रोलँडच्या जेडी-एक्सआय या २०१५ च्या सिंथसोबत माइकच येतो. आवाजावरच सारा खेळ करायचा असेल तर त्याच कंपनीचे व्हीटी-४ पाहावे.

यंत्र घेताना

सहा महिने सॉफ्टवेअरवर काम करूनही हाताला खरे नॉब हवेसे वाटले, तर सिंथ जरूर घ्यावा. पडद्यावर उंदराने एक नॉब फिरवणे आणि दोन्ही हातांनी फिल्टर उघडणे यांत फरक आहेच. चरणजित सिंग यांच्या टीबी-३०३ चे मूळ नग आता संग्राहकांच्या किमतीला गेले आहेत. पण बेहरिंगरचे टीडी-३ हे २०१९ चे यंत्र त्याची स्वस्त प्रतिकृती आहे. कॉर्गची व्होल्का मालिकाही हातखर्चाच्या जवळपास येते. नाशिकच्या दुकानांत ऑर्केस्ट्राचे कळफलक आणि ऑक्टापॅड सहज वाजवून पाहता येतात, सिंथची निवड मात्र थोडी. एकदा मुंबईची खेप करून स्वतःच्या हेडफोनवर ऐकूनच निर्णय घ्यावा.

परदेशस्थ नातेवाइकाकरवी किंवा जुन्या बाजारातून यंत्र आणताना अडॉप्टर उलटून वाचावा. जपानमधील वीज १०० व्होल्टची, अमेरिकेतील १२० ची, आपली २३०. अडॉप्टरवर '१००-२४०' असे छापलेले नसेल तर तो भिंतीत खोचताच जळेल, कदाचित यंत्रासह. जुन्या वाड्यांत व इमारतींत अर्थिंग नसल्याने माइकमधून एकसारखी घरघर येते आणि खरेदीदार माइक बदलत बसतो. आधी वायरमनला बोलवावे. जुन्या सिंथच्या पट्ट्या एकेक करून सर्व दाबाव्यात, प्रत्येक नॉब पूर्ण फिरवून खरखर येते का ते ऐकावे.

स्पीकरची घाई नको. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही कायदेशीर मर्यादा आहे आणि खर्जाचा आवाज भिंतीतून सर्वांत सहज पलीकडे जातो. शेजारच्यांची परीक्षा पाहण्यापेक्षा हेडफोनवर मिश्रण करून ते मोटारीत, मोबाइलवर आणि घरातल्या टीव्हीवर ऐकून तपासणे शहाणपणाचे.

राहता राहिला ढोल. उतरवलेल्या लूपचा परवाना वाचण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही. तोच तुकडा शेकडो गाण्यांत असल्याने यूट्यूबवर आपले गाणे चढवताच दुसऱ्याच कुणाचा हक्क सांगणारी सूचना येऊ शकते. गणेशोत्सवापूर्वी नाशिकमध्ये पथकांचा सराव मोकळ्या मैदानांवर चालतो. पथकप्रमुखांची परवानगी घेऊन, छोटा रेकॉर्डर पाच-सहा पावले दूर धरून आणि मुद्रणाची पातळी काट्याच्या कमाल मर्यादेपेक्षा बारा डेसिबल खाली ठेवून एकट्या ढोलाचे आणि एकट्या ताशाचे दहा-दहा ठोके घ्यावेत. मोबाइल वापरायचा झाल्यास पातळी आपोआप वरखाली करणारी सोय आधी बंद करावी, नाहीतर पहिल्याच ठोक्याला आवाज दबून बसतो.